मुंजलांच्या दिवसांतली मोटर

वैशाख सरत आला की विद्यानगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुंजलांची हातगाडी उभी राहते. पुण्यामुंबईकडचे लोक ज्यांना ताडगोळे म्हणतात तीच ही. आम्ही हैदराबादवाले पहिल्यापासून तेलुगू शब्दच वापरत आलो. काळपट जांभळं फळ, त्यावर कोयत्याचे दोन घाव, आणि आतून निघणारा थंडगार, पाणी भरलेला गर. घरातले सगळे तुटून पडतात. मी तेवढी खात नाही. "आईंना बाधतात," असं सून पाहुण्यांना सांगते. मीच कधीतरी तिला तसं सांगितलं होतं आणि पुढे तेच सोयीचं पडलं.

परवा नात द्रोणभर मुंजलं घेऊन माझ्या खोलीत आली. हिचं नाव मुक्ता, घरी ठमी. हे 'घरी ठमी' लावायची खोड माझी. शाळेचा दाखला असो, दवाखान्याचा कागद असो की लग्नाची पत्रिका असो, माणसाचं घरातलं नाव त्यावर आलंच पाहिजे असा माझा हट्ट असतो. सुनेच्या बाळंतपणात मी यावरून नर्सशी चांगली कडाकडा भांडले होते. आज्जीचा एक स्क्रू ढिला आहे असं ठमी मैत्रिणींना सांगते. सांगू दे. माझं काही म्हणणं नाही.

तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "आज्जी, हे बघ नं. मोटरहोम! आत बिस्तर, किचन, सब कुछ आहे. बंदरच्या पुढं ते लंबं टोक आहे नं, तीन बाजूनं समुंदर? तिथं फिरवतात. एका दिवसात पूरा. आपण सगळे जाऊ. तू नक्को म्हणू नको हां."

"मी बसले आहे असल्या गाडीत," मी म्हणाले.

"हौ, बसलीस!" ती हसायला लागली. "कधी? निजामाच्या जमान्यात?"

"हो. निजामाच्याच."

ती हसत हसत निघून गेली. द्रोण माझ्या उशाशी राहिला, आणि खोलीभर तो कोवळा, किंचित ओला वास पसरला. त्या वासाबरोबर पेट्रोलचा वास कसा येतो, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

मोटर मलकपेठच्या एका नवाबसाहेबांची होती. शिकारीला जाण्यासाठी त्यांनी लॉरीच्या सांगाड्यावर एक लाकडी खोलीच बांधून घेतली होती. आत भिंतीला दोन फळ्यांचे पलंग, एक जाळीचं कपाट, कंदिलाला आकडा, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. दारावर त्यांच्या घराण्याचं सोनेरी निशाण. बाहेर उजव्या हाताला रबरी फुग्याचा पितळी भोंगा. ही मोटर आठ दिवस आमची होणार असं कळलं तेव्हा मी अंगणात गिरक्या घेतल्या. मी दहा वर्षांची होते. घरात काय चाललंय ते मला अर्धंमुर्धं कळत होतं आणि तरीही मी गिरक्या घेतल्या.

घरात चालू होतं ते असं. देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान झालं नव्हतं. अफझलगंजात दुकानं दिवसाउजेडीच बंद व्हायची, पुलापलीकडून घोषणा ऐकू यायच्या, शेजारची बिऱ्हाडं एकेक करून सोलापूरकडे निघून चालली होती. माझे वडील, तात्या, महसूल खात्यात नोकरीला. आणि माझा थोरला भाऊ, कॉलेजात शिकणारा, एकोणीस वर्षांचा, दिवाळीनंतर एका सकाळी नेसत्या कपड्यांनिशी सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेला होता. कचेरीत हे कळलं असतं तर तात्यांची नोकरी जाणं ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट ठरली असती. तात्यांनी सगळीकडे सांगून टाकलं, मुलगा पुण्याला डॉक्टरकी शिकायला गेला. अभिनंदनं झाली. आईनं पेढेसुद्धा वाटले.

या भावाचं नाव गोविंद. आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, आणि नाव दिल्या दिवसापासून पंचाईत होते, कारण सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मग आई त्याला आबा म्हणू लागली, तात्याही म्हणू लागले, आणि पाळण्यात गोविंद म्हणून घातलेला मुलगा पाळण्यातून उतरला तो आबा होऊनच. गल्लीला तो आबा, नवाबसाहेबांना आबा मियाँ, घरी येणाऱ्या तात्यांच्या कचेरीतल्या मंडळींनाही आबाच. गोविंद हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. मी ते वर्षात एकदाही ऐकत नसे.

चैत्रात एका सकाळी दाराखालून चिठ्ठी आली. सही नाही, कुणाचं नाव नाही. 'तुमचा मुलगा तापानं आजारी आहे. कॅम्पातल्या आजारी पोरांना बंदरच्या पुढच्या टोकावर नेऊन ठेवलंय.' एवढंच. बंदर म्हणजे सरहद्दीपलीकडचं, कृष्णेच्या मुखाजवळचं गाव. आईनं ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि आंघोळीलासुद्धा सोडली नाही.

तात्यांना रजा मिळाली ती वैशाख सरता सरता, आईच्या प्रकृतीसाठी. छाती नाजूक झाली आहे, समुद्राची हवा हवी. नवाबसाहेबांकडे गेले तेव्हा मी बोट धरून बरोबर होते. त्यांनी तात्यांकडे बराच वेळ पाहिलं. "रावसाब, समुंदर की हवा बड़ी अच्छी चीज है," ते म्हणाले. "मोटर ले जाओ. करीम चलाएगा. पेट्रोल मैं देतूँ." त्या दिवसांत शहरात पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. त्यांना सगळं कळलं असणार असं मला आता वाटतं. तात्यांना मात्र तेव्हा तसं वाटलं नाही. परतताना ते म्हणाले, "करीमच्या देखत एक शब्द बोलायचा नाही. नवाबाचा माणूस आहे."

आणि मग त्यांनी मला पढवलं. "कुणी विचारलं तर आपण समुद्र बघायला आलोय. भावाचं नाव काय? गोविंद. आबा हा शब्द तोंडातून निघता कामा नये. बंदरला आपल्याकडची कितीतरी माणसं पळून येऊन राहिली आहेत. गोविंद गावोगाव पन्नास सापडतील. पण आबा म्हटलंस की कुणाचा ते अख्ख्या कचेरीला कळेल." वाटभर, दोन दिवस, ते मधूनच विचारायचे, "भावाचं नाव काय?" मी म्हणायचे, "गोविंद." करोडगिरीच्या, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीच्या, नाक्यावर आमच्या सरकारच्या शिपायांनी पलंगाखालचे पेट्रोलचे डबे हलवून पाहिले, पुढे पलीकडच्या पोलिसांनी परत तेच केलं. दोन्हीकडे मी हसून समुद्र बघायला चाललोय म्हणाले. तात्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं इतकं कौतुक त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

बंदरात पोचेपर्यंत आणि तिथून पुढची वाट शोधेपर्यंत सरहद्द ओलांडायच्या परवान्याचे दिवस संपत आले. टोकावर फिरायला एकच दिवस मिळाला.

तो दिवस सुंदर होता. हे लिहायला मला जड जातं, पण होता. दोन्ही बाजूंनी ताडांच्या रांगा, मधून पांढऱ्या वाळूची वाट, डावीकडे समुद्र, थोडं पुढे गेलं की उजवीकडेही समुद्र. मिठागरांवर ऊन असं पडायचं की डोळे मिटून घ्यावे लागत. मी आयुष्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी, आणि मला तो फार आवडला. याचा राग मला अजून येतो. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

कोळ्यांची वस्ती आली की तात्या मोटर थांबवायचे. उतरून, करीमभाईंना ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यांदा म्हणायचे, "वा! काय देखावा आहे!" मग माझं बोट धरून झोपड्यांकडे चालायला लागायचे. करीमभाई भोंगा वाजवायचे, दोन लहान, एक लांब. तात्या चिडायचे, "कशाला उगाच वाजवतो हा?" झोपड्यांपाशी ते हळू आवाजात मोडक्या तेलुगूत विचारायचे, हैदराबादची आजारी पोरं इथे कुठे ठेवली आहेत का, गोविंद नावाचा कुणी. माणसं मोटरीच्या दारावरच्या सोनेरी निशाणाकडे बघायची, तात्यांच्या सरकारी कोटाकडे बघायची आणि माना हलवायची. आम्ही परत यायचो. आई आत वाळ्याच्या पडद्याआड बसलेली. आजारी बाईनं प्रत्येक ठिकाणी उतरणं बरं दिसलं नसतं. लाकडी भिंतीवर तिच्या बांगडीची टकटक व्हायची. सापडला का, असं त्या टकटकीत असायचं. तात्या बाहेरून एकदाच टिचकी मारायचे. नाही.

अशा सात वस्त्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी ती टकटक जरा लवकर व्हायला लागली. शेवटी शेवटी तर मोटर थांबायच्या आधीच.

दुपारी तात्यांना वाटलं, करीमला संशय येईल, जरा हवा खाल्ल्यासारखं दिसायला पाहिजे. सुरूच्या झाडांखाली सतरंजी अंथरली. आईला हाताला धरून उतरवलं. ती बसली, पण समुद्राकडे पाठ करून. तिचे डोळे वस्तीकडे लागलेले. सांजोऱ्यांचा डबा तिच्या मांडीवर होता, आबासाठी केलेल्या. झाकणाला फडकं घट्ट बांधलेलं. मला भूक लागली होती. मी डब्याकडे हात नेला तर तिनं माझा हात इतक्या जोरात झिडकारला की मी वाळूत पडले. मग तिनंच मला जवळ ओढलं आणि रडायला लागली. तात्या उभ्या उभ्या मोठ्यांदा म्हणत होते, "काय वारा आहे, नाही?"

टोकाच्या अगदी शेवटी एक जुनं, लांबलचक, चुना लावलेलं गुदाम होतं. दाराशी चष्मा लावलेला एक किडकिडीत माणूस उभा राहिला. तो मराठीतच बोलला, नांदेडकडचं. शाळामास्तर असावा, कारण आतून कुणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारली. तात्यांनी माझं बोट घट्ट आवळलं. जागा सापडली होती.

"आत बघू द्या," तात्या म्हणाले.

"कोणालाच बघू देत नाही, साहेब," मास्तर म्हणाला. त्याची नजर मोटरीवर होती. "नवाबाची मोटर घेऊन आलात, सरकारी दिसता. कोण पाहिजे ते नाव सांगा. असला तर त्याला विचारतो, भेटायचं का म्हणून."

"गोविंद," तात्या म्हणाले. आडनाव त्यांनी सांगितलं नाही.

मास्तर आत गेला. मागे करीमभाईंचा भोंगा वाजला, दोन लहान, एक लांब. आतून खोकल्याचा आवाज आला, काही बोलणं झालं. मास्तर बाहेर आला आणि त्यानं मान हलवली. "गोविंद नावाचं कोणी नाही." मग मास्तर वाकला, दाराशेजारच्या ढिगातलं एक सोललेलं मुंजल उचलून त्यानं माझ्या हातात ठेवलं आणि हळूच विचारलं, "बाळ, तुझ्या भावाला तू घरी काय म्हणतेस?"

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. वाटभर ज्या नजरेनं माझं कौतुक केलं तीच ती नजर.

"दादा," मी म्हणाले. "दादा म्हणते."

मास्तर आत गेला आणि दार लागलं. मुंजलातलं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. मी ते खाल्लं. गोड होतं.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं आणि आईची टकटक थांबली होती. ताडांची रांग संपायच्या सुमाराला करीमभाईंनी मोटर बाजूला घेतली, शेजारी बसलेल्या तात्यांकडे वळले आणि म्हणाले, "साब, खफा नक्को होओ, एक बात पूछतूँ. आबा मियाँ नहीं मिले क्या?"

तात्यांनी तोंड समुद्राकडे फिरवलं.

"मेरेकू हौला समझे क्या साब? सुबू से भोंगा बजातूँ. मोटर चलाना मैंच सिखाया उनकू. ये भोंगा वो नींद में बी पहचानते. बोलो तो पलटातूँ, मैं आवाज देतूँ दरवाजे पे."

आत आईनं दोन्ही हातांनी भिंत बडवायला सुरुवात केली. तात्या उतरले, पलंगाखालचे डबे हलवून पाहिले. एक भरलेला, एक तळाशी. परवाना उद्यापर्यंतचाच. मागे फिरलं तर नाक्यापर्यंत पेट्रोल पुरणार नाही. नाक्यावर उशीर झाला तर चौकशी होणार. ते वाळूत उभे राहिले, कितीतरी वेळ, हातात तो डबा धरून. मग म्हणाले, "तिथे गोविंद नाही, असं म्हणाले ना ते. उगाच कशाला." करीमभाईंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि मोटर चालू केली. आई भिंत बडवतच होती. तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

भादव्यात लष्कर आलं, संस्थान गेलं, अफझलगंजात झेंडे लागले. लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते. काही मुसलमान घरांची दारं मात्र त्या दिवशीही बंदच होती, आणि त्या दारांमागे काय चाललं असेल ते मला माहीत होतं. कॅम्पातली मुलं परत यायला लागली. आई रोज एक माणसाचं जास्त अन्न शिजवायची. दसरा झाल्यावर करीमभाई दाराशी आले. त्यांच्या मागे तोच किडकिडीत माणूस. आबाचं घर शोधत तो शहरात आला होता. घरचा पत्ता आबानं कुणाला सांगितला नव्हता, पण भोंग्याच्या मोटरीविषयी बोलला होता. त्या धाग्यानं मास्तर मलकपेठेत पोचले.

त्यांनी मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकले. मग झोळीतून आबाचा सदरा काढून आईसमोर ठेवला, धुऊन घडी घातलेला. "मोटर आली त्याच्या चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "कृष्णा समुद्राला मिळते तिथंच आम्ही सगळं केलं."

तेच पुढे बोलत राहिले, बोलून टाकल्याशिवाय जाता येणार नाही अशा घाईनं. "सरकारी नोकरांची पोरं आमच्याकडे खरं नाव सांगत नसत. हा म्हणाला, मला आबा म्हणा, सरकारच्या कुठल्याच कागदावर आबा नाही. त्या दिवशी भोंगा ऐकून उठून बसला. म्हणाला, करीमभाईची मोटर आहे, बघा कोण आलंय. मी सांगितलं, कोणी साहेब आहे, बरोबर लहान पोरगी, गोविंदला विचारतोय. त्याचं तोंडच उतरलं. म्हणाला, घरचं माणूस मला गोविंद कशाला म्हणेल? मोटर जप्त करून पोलीस आले असतील, मी हो म्हटलं तर वडील मरतील. मग म्हणाला, त्या पोरीला विचारा, घरी काय म्हणतेस. आबा म्हणाली तर मला उचलून दारापर्यंत न्या."

"मग?" आईनं विचारलं. "काय म्हणाली?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "लहान होती हो ती."

"दादा," मी म्हणाले.

तात्या भिंतीला टेकून उभे होते. "मी शिकवलं होतं तिला," ते म्हणाले. त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगले, पण त्या खोलीत मी त्यांना पुन्हा बसलेलं पाहिलं नाही.

आईनं मला कधी दोष दिला नाही. हे मी लोकांना सांगते आणि ते खरं आहे. फक्त तिनं पुन्हा कधी माझ्यापाशी कुणासाठी निरोप दिला नाही. शेजारी विरजण मागायलाही ती स्वतः जायची. दहा वर्षांच्या मुलीनं ऐकलं ते वडिलांचंच ऐकलं, असं मला माझ्या नवऱ्यानं हजारदा समजावलं. तो चांगला माणूस होता. पण तोंड माझं होतं, शब्द माझ्या तोंडात होता, दोनच अक्षरं, आणि मी दुसरी दोन बोलले. वैशाख सरता सरता दरवर्षी मी ती बदलून बघते.

त्याच संध्याकाळी ठमी परत आली. "आज्जी, फॉर्म भरते आहे मोटरहोमचा. तुझं नाव टाकलं. घरचं नाव पण टाकते बाबा, नाही तर तू भांडशील. काय म्हणायचे तुला?"

"चिमी."

ती खुदकन हसली आणि फोनवर बोट चालवत राहिली. मग भिंतीवरच्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. तात्या खुर्चीत, आई शेजारी, मागे कोट घातलेला आबा. "हा तुझा भाऊ नं? ह्याला तू घरी काय म्हणायचीस?"

मी पहिल्यांदा फोटोतल्या तात्यांकडे पाहिलं. सवय जात नाही.

"आबा," मी म्हणाले. "आबा म्हणायचे. मी त्याला आबाच म्हणायचे, आबा!"

स्वयंपाकघरातून सून हात पुसत धावत आली. "काय झालं? आई का ओरडल्या?"

"काय की," ठमी घाबरून म्हणाली. "मी फक्त नाव विचारलं."